मिक्सर बाजूला ठेवताना: घोटलेल्या खिचडीपासून पोळीच्या घासापर्यंत

माझी थोरली चौदा महिन्यांची होईपर्यंत तिचं सगळं जेवण मी मिक्सरमधून काढत होते. खिचडी, वरण-भात, भाजी, अगदी पोळीसुद्धा दुधात भिजवून फिरवायची. ती भराभर गिळायची, वाटी दहा मिनिटांत रिकामी व्हायची आणि मला वाटायचं, छान जेवते पोर. मग एका लग्नात पंगतीतला साधा वरण-भात तिला भरवला. भाताचं एक अख्खं शीत जिभेवर आलं आणि तिने सगळं ओकून टाकलं. त्यानंतर घट्ट काही तोंडात घ्यायला तिला चार महिने लागले. धाकट्याच्या वेळी आठव्या महिन्यातच मिक्सर बंद केला. दोघांच्या जेवणात जो फरक पाहिला, त्यामुळे हे सगळं इतक्या तपशिलात लिहिते आहे.

चोखणं बाळाला जन्मतःच येतं, चावणं मात्र शिकावं लागतं. सहाव्या महिन्यात बाळाची जीभ मुख्यतः पुढे-मागे हलते. सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ती बाजूला वळायला लागते आणि घास हिरडीकडे ढकलू लागते. पण ढकलायला काही गुठळी तर हवी! सगळंच गुळगुळीत असेल तर जिभेला हे काम पडतच नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात ज्या मुलांना नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्यांचं अन्न मिळालं, ती सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या तक्रारीही जास्त होत्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: सहा महिने पूर्ण झाले की कुस्करलेलं अन्न, आठ महिन्यांच्या सुमारास हाताने उचलून खाता येईल असं काही, आणि वर्षाच्या आसपास घरात शिजतं तेच. नऊ महिने उलटून गेले असतील तरी बिघडलं नाही. फक्त आणखी वाट पाहू नका.

इथे घरातली मोठी माणसं हमखास विचारतात, "अगं, दात कुठे आलेत त्याला?" प्रश्न रास्त आहे. पण पुढचे दात चावायचे नसतातच, ते तोडायचे असतात. चावायच्या पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, दुसऱ्या दाढा दोन वर्षांच्या पुढेमागे. तोवर सगळं काम हिरड्या करतात, आणि मऊ अन्न चेचण्याइतक्या त्या टणक असतात. म्हणून मी एकच कसोटी वापरते: पदार्थ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच दाबायचा. चेचला गेला तर हिरड्यांनाही जमेल. नाही चेचला तर आणखी शिजवायचा, नाहीतर आज द्यायचा नाही.

आधी बसणं नीट करा

बाळ कलंडत असेल तर त्याचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, हात आणि जीभ मोकळी राहत नाहीत. पाठ ताठ, कंबर मागे टेकलेली, पाय कशावर तरी टेकलेले, एवढं हवं. उंच खुर्ची असेल आणि पाय लोंबकळत असतील तर खाली खोका बांधा किंवा पाट ठेवा. खुर्ची नसेल तर जमिनीवर, तुमच्या मांडीत पाठ टेकवून बसवा आणि पुढ्यात बुटका चौरंग ठेवा. आमच्याकडे दीड वर्षं हेच चाललं. आडवं झोपवून किंवा पाळण्यात कधीही भरवू नका. खाली जुनी चादर पसरा, गळ्यात लाळेरं बांधा, आणि सांडणार आहे हे त्या दिवसापुरतं मान्य करा.

घोटलेल्यापासून कुस्करलेल्यापर्यंत

मिक्सर एकदम सोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. बाळाला आवडणारा, ओळखीचा पदार्थ घ्या आणि फक्त त्याचा पोत बदला. नवी चव आणि नवा पोत एकाच वेळी आले की बहुतेक मुलं दोन्ही नाकारतात.

भाताचंच घ्या. पेजेनंतर गुरगुट्या भात, मग आसट, मग मोकळा. पहिले चार-पाच दिवस गुरगुट्या भात रवीने घोटा, पण चाळणीतून गाळू नका. पुढचे चार-पाच दिवस रवी ठेवून द्या आणि चमच्याच्या पाठीने ताटलीत चेचा. त्यानंतर बोटांनी नुसता कुस्करा. शिजवण्याची पद्धत तीच, चव तीच, शीत मात्र दर वेळी थोडं जास्त शाबूत. दोन-अडीच आठवड्यांत आसट भातापर्यंत पोचता येतं. मूल अडलं तर एक पायरी मागे या, तीन दिवसांनी परत पुढे जा.

एक चूक बहुतेक घरांत होते, माझ्याकडूनही झाली. आपल्याला वाटतं, पातळ वरणात थोडे भाताचे कण टाकले की सोपं जाईल. उलट तेच सगळ्यात अवघड असतं. पातळ पटकन घशाकडे धावतं आणि कण जिभेवर मागे उरतात, दोन्ही एकदम सांभाळणं नवशिक्या तोंडाला जमत नाही. म्हणून वरण घट्ट ठेवा आणि भातात पूर्ण कालवा. घास चमचा उलटा केल्यावर लगेच पडू नये, इतका घट्ट.

या टप्प्यावर माझा सगळ्यात आवडता पदार्थ वरणफळं, काही घरी ज्यांना चकोल्या म्हणतात. कणकेचे तुकडे वरणातच शिजतात, मऊ होतात, तरी त्यांना आकार राहतो. आधी चेचून द्या, मग अर्धे करून, मग अख्खे. मऊ भाकरीचा पापुद्रा घट्ट वरणात भिजवून, मुगाचं धिरडं, इडली, लाल भोपळ्याची भाजी, शेवग्याच्या शेंगेतला चमच्याने खरवडलेला गर, हेही चालतं. पोळी कोरडी देऊ नका. तिचा गोळा होऊन टाळूला चिकटतो. तूप लावून किंवा वरणात पाच मिनिटं भिजवून द्या. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नाही आणि मध तर देऊच नये, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे या वयात गंभीर आजार होऊ शकतो.

हातात घास

आठव्या-नवव्या महिन्यात मूल सगळ्या मुठीने वस्तू पकडतं. त्यामुळे पहिले तुकडे लांब हवेत, तुमच्या बोटाएवढे, म्हणजे मुठीतून वर आलेलं टोक त्याला तोंडात घालता येतं. वाफवलेलं गाजर, उकडलेलं रताळं, पिकलेली पपई, केळ्याची उभी फोड, धिरड्याची पट्टी. मग अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमायला लागते. तेव्हा वाटाण्याएवढे तुकडे द्या: पनीर, उकडलेला बटाटा, अंड्याचं ऑम्लेट, इडलीचे चौकोन. माशांच्या घरात सुरमई किंवा रावसाचा तुकडा सोपा, पण तोही बोटांनी पूर्ण चाचपून, काटा नाही याची खात्री करूनच.

वर्षानंतर पुन्हा आकार मोठा करायचा, आणि हीच पायरी घरोघरी राहून जाते. आपण सगळं बारीक चिरून देत राहतो, म्हणून मुलाला तोडून खाणं येत नाही. पुढच्या दातांनी हवं तेवढं तोडायचं, तोंडात किती मावेल याचा अंदाज घ्यायचा, हे त्याला मोठ्या तुकड्यावरच शिकता येतं. पोळीला तूप-भाजी लावून सुरळी करा, दोन-तीन इंच कापून हातात द्या. पहिल्यांदा तुम्ही स्वतः एक सुरळी घेऊन त्याच्यासमोर तोडा, तोंड जरा जास्तच हलवून चावा. मुलं तोंडाकडे टक लावून बघतात आणि तसंच करतात.

काही मुलं तोबरा भरतात. धाकटा भरायचा. अशा वेळी ताटलीत सगळं ठेवू नका, एक तुकडा द्या, तो संपला की दुसरा. काही मुलं उलट घास गालात धरून बसतात. त्यांना मधे पाण्याचा एक घोट द्या आणि पुढचा घास लहान करा. ओरडू नका आणि बोट घालून काढूही नका.

ठसका आणि गुदमरणं

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवा पोत आला की मुलाला उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, जीभ बाहेर येते, खोकतं, कधी थोडं ओकतंसुद्धा. हे शरीराचं राखण करणं आहे. आवाज येतोय, खोकला जोरात आहे, तोवर त्याला खोकू द्या, शांत राहा, पाठ थोपटू नका, पाणी ओतू नका. तुमचा घाबरा चेहरा बघितला की मूल पुढच्या वेळी तोंडच मिटतं.

गुदमरणं वेगळं, आणि ते निःशब्द असतं. आवाज निघत नाही, रडता येत नाही, खोकला क्षीण किंवा बंद, ओठ निळसर पडतात. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं धरा, डोकं शरीरापेक्षा खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबा, आणि हे आलटून पालटून करत राहा. वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच ठोके द्या, मग मागून धरून बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं आणखी आत जातं. दुसऱ्या कोणालातरी लगेच 108 लावायला सांगा. मूल बेशुद्ध झालं तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीवनदान सुरू करायचं असतं. हे शब्दांत वाचून हातात बसत नाही. एकदा प्रशिक्षण घ्या, आजी-आजोबांना आणि सांभाळणाऱ्या ताईंनाही सोबत न्या.

काय देऊ नये? शेंगदाणे सर्वांत आधी. आपल्याकडे मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा फार वेळा असतो. अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, फुटाणे, डाळं, मका-लाह्या पाच वर्षांपर्यंत नकोत. बारीक कूट भातात किंवा भाजीत घातलेला चालतो. अख्खी द्राक्षं नकोत, उभे चार भाग करून द्या. कच्चं गाजर आणि सफरचंद किसून किंवा वाफवून, ओल्या खोबऱ्याचे तुकडे नाहीत, सीताफळाच्या, बोराच्या, जांभळाच्या बिया काढून. चिक्की आणि टणक गोळ्या नकोतच. देवळातला खडीसाखर-फुटाण्याचा प्रसाद तुमच्या हातात घ्या, मुलाच्या नको.

आणि बोरन्हाण. संक्रांतीनंतर आपण ज्या वयाच्या मुलांच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे, शेंगा, हलवा आणि गोळ्या ओततो, नेमक्या त्याच वयाला या सगळ्या वस्तू धोक्याच्या आहेत. भोवती दहा मुलं वेचायला धावतात, गडबडीत कोणाच्या तोंडात काय गेलं कळत नाही. बोरन्हाण करा, मलाही ते फार आवडतं. पण डोक्यावरून चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि कागदात गुंडाळलेले मोठे खाऊ ओता, एक मोठं माणूस फक्त बाळाच्या तोंडाकडे लक्ष ठेवायला नेमा, आणि कार्यक्रम संपताच जमीन झाडून घ्या. खाताना ठसका लागला, मग थांबला, पण पुढे काही दिवस खोकला किंवा छातीत घरघर राहिली, तर डॉक्टरांना त्या ठसक्याबद्दल आवर्जून सांगा. शेंगदाणा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे तुमच्या सांगण्यावरच पुढचा तपास ठरतो.

चमचा

चमचा लवकर हातात द्या, पण अपेक्षा उशिराची ठेवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या विकासटप्प्यांच्या तक्त्यात दीड वर्षाला "चमचा वापरायचा प्रयत्न करतो" एवढंच लिहिलेलं आहे, "चमच्याने खातो" हे दोन वर्षांना, आणि काट्याने खाणं तीन वर्षांना. हे टप्पेसुद्धा चारातल्या तीन मुलांना जमतात या हिशेबाने लावलेले आहेत. तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

चमचा कसा हवा? दांडा आखूड आणि जाडसर, पुढची वाटी उथळ. चहाच्या बारीक दांड्याचा चमचा लहान मुठीत फिरतो. उष्टावणाला मिळालेला चांदीचा चमचा गुळगुळीत आणि निसरडा असेल तर तो आठवण म्हणून ठेवा, रोजच्या सरावाला दुसरा घ्या. किंवा दांड्याभोवती सुती पट्टी घट्ट गुंडाळा, पकड बसते. वाटी उभ्या काठाची आणि जड बुडाची हवी, कारण मूल अन्न काठाला टेकवून चमच्यावर चढवतं. पसरट ताटलीत अन्न पुढे पुढे पळत राहतं.

नऊ-दहाव्या महिन्यापासून दोन चमचे ठेवा, एक त्याला, एक तुम्हाला. तो आपटेल, चावेल, फेकेल. हरकत नाही, ओळख होते आहे. वर्षाच्या सुमारास तुम्ही चमचा भरून वाटीच्या काठावर ठेवा आणि उचलून तोंडात घालायचं काम त्याच्यावर सोडा. भरणं अवघड, नेणं सोपं, म्हणून आधी नेणं. नेताना चमचा तोंडाजवळ येऊन उलटा होतो, कारण मनगट वळवणं अजून जमत नाही. इथे अन्न चिकट असणं फार महत्त्वाचं: घट्ट दही-भात, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, रव्याचा सांजा, चक्का. उलटा झाला तरी पडत नाही आणि मुलाला यश मिळतं. यश मिळालं की ते पुन्हा करतं, सगळी किल्ली यातच आहे. मदत करायची तर त्याच्या मागे बसा आणि मनगटाला किंवा कोपराला आधार द्या. समोरून हात धरला की दिशा उलटी होते आणि मूल चिडतं.

नेणं जमलं की भरणं. तुम्ही वाटी धरा, तो चमचा खुपसेल. जेवणाच्या बाहेरही सराव होतो: अंगणातली माती, आंघोळीच्या वेळी मगातून मगात पाणी, डब्यातून डब्यात रवा. वरण, कढी, सार हे सगळ्यात शेवटी, दोन वर्षांच्या पुढे. पूर्ण जेवण पहिल्या दिवसापासून त्याच्या चमच्याने व्हायला हवं असं नाही. पहिली पाच-सात मिनिटं, भूक ताजी असताना, त्याला खाऊ द्या, मग उरलेलं तुम्ही भरवा. थकलेल्या मुलाला शिकवू नका.

सांडण्यावरून आमच्या घरी वाद झाले. अन्न वाया घालवू नये हे मलाही मनापासून पटतं. मार्ग असा निघाला की वाटीत एका वेळी दोनच चमचे वाढायचे. सांडलं तरी किती सांडणार? चादरीवरचं शीत कावळ्या-चिमण्यांना जातं.

आपला हात

आपल्याकडे खरं साधन हातच आहे, आणि हे कौशल्य चमच्यापेक्षा सोपं मुळीच नाही. बोटांनी वरण-भात कालवणं, घास गोळा करणं, अंगठ्याने तोंडात ढकलणं, यात बोटांची केवढी शिस्त आहे! मुलाच्या ताटलीत कोमट भात वाढा आणि त्याला कालवू द्या. पोळी तोडणं दीड-दोन वर्षांत दोन्ही हातांनी सुरू होतं, ते तसंच होऊ द्या. एका हाताने बोटांखाली दाबून तुकडा काढणं शाळेच्या वयापर्यंत जमतं. भाकरी सोपी, ती लवकर तुटते. सरावाला भाकरीच घ्या.

डाव्या हाताने खातो म्हणून चमचा काढून उजव्या हातात देऊ नका. या वयात मुलं दोन्ही हात आलटून पालटून वापरतात, कल पुढे दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्पष्ट होतो. डावरं असेल तर डावरंच राहू द्या. आजोबांना जड जातं, त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

पेला

बोंडल्यावर किंवा बाटलीवर वाढलेल्या मुलाला वर्षाच्या आसपास छोट्या फुलपात्राने पाणी द्या, तळाशी दोन घोट एवढंच. झाकणाच्या चोचीच्या पेल्यापेक्षा उघडं भांडं बरं. बाटली दीड वर्षाच्या आत पूर्ण बंद करा.

भूक हरवते तेव्हा

पहिल्या वर्षी वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षी मात्र साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे भूक कमी होणं स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच काळात आपण मोबाइल दाखवून, मागे धावून, काऊ-चिऊच्या नावाने घास कोंबतो. स्क्रीनकडे बघणारं मूल घासाकडे बघत नाही, चावतही नाही, फक्त गिळतं. काय, केव्हा आणि कुठे द्यायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं हे त्याला ठरवू द्या. तीन जेवणं, मधे एक-दोन खाऊ, प्रत्येक बैठक वीस-पंचवीस मिनिटांची, मग ताटली उचला. दूध वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा. दुधाने पोट भरलेल्या मुलाला चावायचं कारणच उरत नाही, शिवाय लोहही कमी पडतं. नाकारलेला पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा पानात येऊ द्या, आग्रह न करता.

डॉक्टरांकडे केव्हा

पंधरा महिन्यांनंतरही गुठळी अजिबात चालत नसेल, प्रत्येक जेवणात ठसका लागत असेल, अन्न नाकातून येत असेल, जेवणानंतर आवाज ओला घरघरता होत असेल, वजन थांबलं असेल किंवा मूल चार-पाचच पदार्थांवर अडकलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे टप्पे जन्मतारखेपासून नव्हे, तर डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. गिळण्या-चावण्यावर काम करणारे स्पीच थेरपिस्ट आणि हात-बसण्यावर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. खासगी खर्च झेपणारा नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. जाताना मुलाच्या एका जेवणाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मूल खाणार नाही, आणि तज्ज्ञांना त्याची जीभ, ओठ आणि बसणं नेमकं कसं आहे हे त्यातूनच दिसेल.